हौसेचे मोल

हौसेला मोल नाही, असे आपण मराठी माणसे सहज बोलून जातो. लग्नात खर्च हाताबाहेर गेला, सणाला घर गरजेपेक्षा अधिक सजले, की ही म्हण आपल्या मदतीला धावून येते. परंतु गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन पानांचा एक इंग्रजी छापील कागद येऊन पडला आणि या म्हणीचा अर्थ आम्हांला प्रथमच नीट तपासून पाहावा लागला.

कागद घेऊन आला होता आमचा पुतण्या. वय १७ वर्षे ४ महिने. त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधू, सहा वर्षांपूर्वी देवाघरी गेले. तेव्हापासून त्या घरातले महत्त्वाचे कागद आमच्याकडे वाचायला येतात. हा कागद हौशी मोटरसायकल शर्यतीत उतरणाऱ्या स्पर्धकाचा होता. या खेळात गंभीर दुखापत किंवा मृत्यू संभवतो याची मला जाणीव आहे, तसे घडल्यास मी आयोजकांना जबाबदार धरणार नाही, असा त्याचा आशय. स्पर्धक १८ वर्षांच्या आतील असल्यामुळे खाली पालकाच्या सहीसाठी एक रेघ मोकळी सोडलेली होती. मुलाची आई एवढेच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही वाचून सांगा. मग मी सही करते."

वाचायला दहा मिनिटे लागली. सांगायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे विचार मनात आले ते वाचकांपुढे ठेवावेत असे वाटते. कारण अशी एखादी मोकळी रेघ आज ना उद्या प्रत्येक घरात येते. कुणाच्या मुलाला हिमालयाची शिखरे खुणावतात, कुणाच्या मुलीला सैन्यात जायचे असते. माया अडवते आणि मायेलाच वाटते की अडवू नये.

प्रथम मुलाची बाजू मांडणे न्यायाचे होईल. मोटरसायकलची शर्यत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मध्यरात्री महामार्गावर कर्कश आवाज करीत जाणारी पोरे उभी राहतात. आमच्याही राहिली होती. पुतण्याच्या आग्रहाखातर आम्ही एकदा त्याच्याबरोबर चेन्नईला गेलो, आणि तो समज बराचसा गळून पडला. बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत, श्रीपेरुंबुदूरजवळ, इरुंगाट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा शर्यतमार्ग आहे. हा क्लब १९५३ सालचा. पूर्वी त्याच्या शर्यती शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर होत. १९९० पासून हा स्वतंत्र मार्ग वापरात आला. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. देशातील कितीतरी स्पर्धकांनी येथेच शर्यतीची बाराखडी गिरवली.

बाराखडी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. नवख्याला तेथे आधी वेग शिकवीत नाहीत, थांबायला शिकवतात. ब्रेक कुठे लावायचा, वळणात कुठून शिरायचे, वळणाच्या आतल्या कडेला कुठे स्पर्श करायचा आणि बाहेर कसे पडायचे, हे पुन्हापुन्हा घोटून घेतात. नजर जिकडे जाईल तिकडे गाडी जाते, म्हणून जिथे पडण्याची भीती वाटते तिथे पाहू नकोस, जिथे जायचे आहे तिथे पाहा, हा पहिला धडा. अंगात जाड कातड्याचा एकसंध पोशाख, पाठीच्या कण्यासाठी कवच, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट असल्याखेरीज कुणाला मार्गावर सोडीत नाहीत. गाडीचे आरसे, दिवे, स्टँड काढलेले असतात. इंजिनातील तेल रस्त्यावर सांडून मागच्याचा घात होऊ नये म्हणून तेलाचा बोल्टही तारेने बांधतात. शर्यतीआधी तपासनीस हे सारे हात लावून पाहतो. मार्गावर ठिकठिकाणी झेंडे घेतलेली माणसे उभी असतात. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, कुणाला ओलांडायचे नाही. लाल दिसला की शर्यत थांबली. सतरा वर्षांच्या रक्ताला पिवळ्या झेंड्यासमोर आपला वेग आवरावा लागतो, ही लहानसहान शिस्त नव्हे.

परतीच्या प्रवासात पुतण्या म्हणाला, "काका, आपल्या रस्त्यावर समोरून ट्रक येतो, मध्येच गाय येते, शाळेची मुलं धावत सुटतात. तिथं सगळे एकाच दिशेनं जातात. मग धोका जास्त कुठं?" या युक्तिवादात तथ्य आहे. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण-ग्रंथात, २२९० व्या परिच्छेदात, मद्यपानामुळे किंवा वेगाच्या आवडीमुळे रस्त्यावर स्वतःचे व इतरांचे प्राण संकटात घालणाऱ्यांवर गंभीर दोष ठेवला आहे. आपल्या देशाचा १९८८ चा मोटार वाहन कायदाही कलम १८९ अन्वये सार्वजनिक रस्त्यावरील शर्यतीला गुन्हा मानतो. २०१९ च्या दुरुस्तीने तर अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केल्यास पालकालाही जबाबदार धरले आहे. रस्त्यावरची शर्यत अनीतीची आहे, याबद्दल वाद नाही. कारण तेथे आपल्या हौसेचे मोल ज्याने ती हौस केलीच नाही अशा वाटसरूला द्यावे लागते. बंदिस्त मार्गावर हा अन्याय बव्हंशी टळतो. तेथे उतरलेला प्रत्येक जण आपणहून उतरलेला असतो. मग प्रश्न उरतो तो स्वतःच्या प्राणांचा. स्वतःचे प्राण हौसेसाठी पणाला लावण्याचा अधिकार माणसाला आहे काय?

येथे आपल्या भाषेतील दोन शब्द आमच्या मदतीला आले. एक साहस आणि दुसरा धैर्य. साहस हा शब्द आज आपण कौतुकाने वापरतो; परंतु प्राचीन धर्मशास्त्रात साहस हे गुन्ह्याचे नाव होते, बळजोरीने केलेल्या अविचारी कृत्याचे. 'सहसा' म्हणजे एकाएकी, विचार न करता. तोही त्याच कुळातला. धैर्याचे मूळ निराळे. धीर म्हणजे हिंमत, आणि धीर म्हणजेच थांबण्याची शक्तीही. "धीर सोडू नकोस" आणि "जरा धीर धर" ही दोन्ही वाक्ये आपण एकाच शब्दाच्या बळावर बोलतो. अॅरिस्टॉटलने भित्रेपणा आणि अविचारी धाडस या दोन टोकांच्या मध्ये शौर्याला स्थान दिले. संत थॉमस अक्वायनस त्याच्याही पुढे गेले. संकटावर तुटून पडणे यापेक्षा संकटात अढळ टिकून राहणे हेच धैर्याचे प्रमुख कार्य होय, असे त्यांनी प्रतिपादन केले. जे त्यांनी लॅटिनमध्ये युक्तिवाद करून सिद्ध केले ते मराठीने एका शब्दात साठवून ठेवले आहे.

या कसोटीवर शर्यतीचा खेळ सरसकट नापास होतो असे आम्हांला वाटत नाही. वळणाआधी ब्रेक लावणारा, पिवळ्या झेंड्याला मान देणारा, पाऊस वाढला की गाडी परत आणणारा मुलगा धैर्याचेच शिक्षण घेत असतो. शिवाय केवळ जपून ठेवण्यासाठी आयुष्य मिळालेले नाही, हे आपण जाणतोच. जमिनीत पुरून ठेवलेल्या थैलीचे कौतुक धन्याने केले नव्हते. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव दर मोसमात समुद्राला सामोरे जातात आणि आपण त्यांच्या होड्यांना आशीर्वाद देतो. ते पोटासाठी जातात हे खरे. पण आनंदासाठी पत्करलेला धोका तेवढा पाप आणि पोटासाठी पत्करलेला पुण्य, असे म्हणणे फार सोपे आहे. मग गिर्यारोहकाला आपण काय म्हणणार?

तथापि दुसरी बाजूही तितक्याच उघड्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी, आम्ही पाहून आलो त्याच इरुंगाट्टुकोट्टईच्या मार्गावर, राष्ट्रीय स्पर्धेतील नवोदितांच्या शर्यतीत बंगळूरचा १३ वर्षांचा एक मुलगा शर्यत नुकतीच सुरू झाली असताना कोसळला आणि वाचू शकला नाही. तो त्या हंगामात शर्यती जिंकत आलेला गुणी मुलगा होता. उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. युरोपात २०२१ या एकाच वर्षी १४, १५ आणि १९ वर्षांचे तीन स्पर्धक मृत्युमुखी पडले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने वयाची अट वाढवली. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींसाठी २०२३ पासून ती १८ वर्षे झाली. म्हणजे ज्यांचे आयुष्य या खेळात गेले त्यांनाही कबूल करावे लागले की काही प्रश्न हेल्मेट आणि कातड्याच्या पोशाखाने सुटत नाहीत.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील आइल ऑफ मॅन या बेटावर १९०७ पासून प्रसिद्ध शर्यती होतात. तेथेच हौशी स्पर्धकांसाठी १९२३ मध्ये वेगळी शर्यत सुरू झाली आणि १९३० मध्ये तिला मँक्स ग्रां प्री हे नाव मिळाले. डोंगरातून जाणारा तेथील मार्ग सुमारे ६० किलोमीटरचा. एरवी लोक ज्यावरून बाजारहाट करतात तोच रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणे आणि घरे. १९११ पासून आजवर त्या मार्गावर २६० हून अधिक स्पर्धक मरण पावले आहेत. उत्तर आयर्लंडच्या जोई डनलॉप याने १९७७ ते २००० या काळात त्या बेटावरील टीटी शर्यती २६ वेळा जिंकल्या. हाच माणूस स्वतःच्या गाडीत अन्न आणि कपडे भरून, ती स्वतः चालवीत, रोमानिया, बोस्निया, अल्बानिया येथील अनाथ मुलांपर्यंत पोहोचवीत असे. २ जुलै २००० रोजी एस्टोनियातील टॅलिन येथे ओल्या रस्त्यावर शर्यत चालू असताना तो झाडांवर आदळून गेला. वय ४८. मागे पत्नी आणि पाच मुले. २००८ मध्ये त्याचा भाऊ रॉबर्ट सरावात गेला, आणि दोनच दिवसांनी रॉबर्टचा मुलगा मायकेल याने त्याच ठिकाणची शर्यत जिंकली. २०१८ मध्ये मायकेलचा भाऊ विल्यम गेला. मायकेल त्यानंतरही शर्यतीत उतरत राहिला आणि २०२४ मध्ये त्याने काकाचा २६ विजयांचा विक्रम मागे टाकला.

या कुटुंबाला अविचारी म्हणून मोकळे होण्याचे धाडस आम्हांला होत नाही. अनाथांसाठी अर्धा युरोप ओलांडणाऱ्या माणसाला आयुष्याची किंमत कळत नव्हती असे कोण म्हणेल? परंतु त्याच्या घरातील रिकाम्या खुर्च्या मोजल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. हौसेला मोल असते. फक्त ते हौस करणाऱ्याच्या एकट्याच्या खिशातून जात नाही. स्पर्धकाच्या कागदावर आयोजकांचे उत्तरदायित्व काय, विमा किती, हे सारे असते. मागे राहणाऱ्यांसाठी मात्र एकही रकाना नसतो. आपले आयुष्य आपल्या एकट्याचे नाही, ते दिलेले आहे आणि वाटून घेतलेले आहे, हे ज्याला उमगले त्यानेच ते पणाला लावण्याची भाषा करावी.

अखेर आम्ही वहिनींना आमचे मत सांगितले. प्रशिक्षणाच्या कागदावर सही करा, शर्यतीच्या कागदावर नको. आठ महिन्यांनी तो १८ चा होईल. तेव्हाही मन तेच असेल तर सही तो स्वतः करील. मुलासाठी आईबाप पुष्कळ गोष्टींना संमती देतात, शस्त्रक्रियेलाही देतात. पण ती त्याच्या गरजेपोटी. शर्यत गरज नव्हे, आनंद आहे, आणि आनंद थांबू शकतो. आपले प्राण पणाला लावण्याची संमती दुसऱ्या कुणी, आईनेसुद्धा, आपल्या वतीने देऊ नये.

पुतण्या रागावला. "म्हणजे काका, तुम्हांला जबाबदारी नको," तो म्हणाला. हा घाव वर्मी लागला, कारण त्यात थोडे सत्य होते. १८ हा आकडा जादूचा नाही आणि त्या दिवशी तो एकाएकी शहाणा होणार नाही, हे आम्हांलाही कळते. म्हणून आम्ही त्याला एकच काम सांगितले. तुझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही. हा कागद तू तिच्यासमोर बसून मराठीत वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस.

त्याने वाचायला सुरुवात केली. पहिले पान त्याने भरभर वाचले. दुसऱ्या पानावर मृत्यू हा शब्द आला तेव्हा तो थांबला. वहिनींनी मान वर केली नाही. त्या म्हणाल्या, "पुढं वाच."

त्याने पुढचे सारे वाचले, पण हळू. मग कागदाची घडी करून तो आपल्या दप्तरात ठेवला. प्रशिक्षणाला तो जातो आहे. आठ महिन्यांनी त्या रेघेवर सही होईल किंवा होणार नाही. ते त्याचे त्याने ठरवायचे. धीर धरण्याचा धडा मात्र त्याच्याइतकाच आम्हांलाही गिरवावा लागत आहे.