ठिपक्यांचे अक्षर, फिकी शाई

मी गुजरातीतून मराठीत आणलेल्या एका कथासंग्रहाचे मुखपृष्ठ मध्यंतरी पसंतीसाठी आले. शीर्षक ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत होते, जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापल्यासारखे. कथा १९८०च्या दशकातल्या असल्याने कल्पना आवडली. मुखपृष्ठकाराने शेवटची अक्षरे मुद्दाम फिकी केली होती. रिबनची शाई संपत आल्याचा आभास त्यातून होत होता.

त्याच आठवड्यात आईच्या पासबुकात नोंदी करून घ्यायला बँकेत गेले. काउंटरमागचा प्रिंटर करकरला. बाहेर आल्यावर आईने पासबुक उन्हात तिरपे धरले. ‘‘हे तीन आहेत की आठ गं?’’ छापलेल्या इंग्रजी तीन आणि आठमध्ये फरक असतो तो डाव्या बाजूच्या मोजक्या ठिपक्यांचा, आणि तेच उमटले नव्हते. रक्कम पेन्शनची होती. आम्ही पुन्हा रांगेत उभ्या राहिलो.

घरी येऊन मुखपृष्ठ पाहिले, तेव्हा ते पहिल्यासारखे आवडेना. आपण ज्याला ‘रेट्रो’ म्हणतो, ते आईच्या लेखी आज दुपारचे होते. मग एखादी गोष्ट जुनी ठरवून तिची नक्षी करायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

असली अक्षरे वापरूच नयेत, असे म्हणणे सोपे आहे. पण उसने घेणे हा तर माझा धंदाच. प्रश्न आहे तो नेमके काय उसने घ्यायचे, हा.

ठिपक्यांचे अक्षर मुळात एक युक्ती आहे. पाच उभ्या आणि सात आडव्या ओळींच्या, म्हणजे ३५ ठिपक्यांच्या चौकटीत रोमन लिपीतली मोठी अक्षरे आणि सगळे अंक बसतात. प्रिंटरमधल्या नऊ सुया रिबनवर आपटत कागदावरून सरकतात. आपटतात म्हणूनच खाली कार्बनची प्रतही उमटते, जे लेझर प्रिंटरला जमत नाही. देवनागरीला मात्र ही चौकट अपुरी. शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. गुजरातीची निदान शिरोरेखेतून सुटका आहे. पुढे चोवीस सुयांचे प्रिंटर आले, पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड आले. एवढ्याशा जागेत ‘र्वी’ वाचता यावा, म्हणून कोणीतरी एकेक ठिपका मोजूनमापून बसवला. सारा खटाटोप वाचता येण्यासाठी होता.

म्हणजे या अक्षरात दोन गोष्टी आहेत : एक युक्ती आणि एक गैरसोय. युक्ती उसनी घेण्यात त्या अनाम माणसांचा मान आहे. गैरसोय उसनी घेतली, की दुसऱ्याची अडचण आपल्या भिंतीवरचे चित्र होते.

मुखपृष्ठकार म्हणाला, ‘‘पण ताई, त्या फिक्या शाईनेच तर काळ कळतो.’’ हा मोह मला ओळखीचा आहे. याच संग्रहातली एक बाई अडखळत बोलते. पहिल्या खर्ड्यात मी तिचे अडखळणे जरा जास्तच रंगवले होते. वाचणाऱ्यांनी ‘किती गोड’ म्हटले, तेव्हा चूक कळली. मुळात ती गोड नव्हती. तिला घाई होती, आणि ऐकणारा कोणी नव्हता.

शेवटी ठरले ते असे : ठिपके राहतील, शाई पूर्ण भरायची. शीर्षकातला रफार चौकटीत मावत नव्हता. मुखपृष्ठकार तो काढून टाकायला निघाला नाही. त्याने चौकटीच वरून दोन ओळींनी वाढवली. छापून आलेली पहिली प्रत आईला दाखवली. तिने ती हातभर अंतरावर धरून शीर्षक मोठ्याने वाचले.