ज्याच्या कानी काहीच पडले नाही



हजरत अस्वद बिन सरीअ (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस इमाम अहमद यांच्या ‘मुसनद’मध्ये आली आहे. कियामतच्या दिवशी चार प्रकारची माणसे अल्लाहपुढे आपली बाजू मांडतील. त्यांत एक बहिरा असेल. इस्लाम आला खरा, पण आपल्याला काहीच ऐकू आले नाही, असे तो म्हणेल. या हदीसचे विवेचन करताना त्या बहिऱ्याचे काय होईल, याचीच चर्चा बहुधा होते. अल्लाह न्यायी आहे. त्याची अडचण तो जाणतो. मला धास्ती वाटते ती दुसऱ्यांची. तो ज्या मोहल्ल्यात राहिला, तेथील ऐकणाऱ्या-बोलणाऱ्यांना काय विचारले जाईल?

आमच्या मोहल्ल्यातील एक कर्णबधिर तरुण जुमाच्या नमाजला नेहमी उशिरा, सफा उभ्या राहता राहता येत असे. वडीलधारी मंडळी नाराज असत. शेवटी त्याच्या भावाकरवी विचारले, तेव्हा उत्तर आले की, अर्धा तास बयानात मला फक्त ओठ हलताना दिसतात आणि इमामसाहेबांच्या दाढीमिशांमुळे तेही नीट दिसत नाहीत! आम्ही हसलो. मग ओशाळलो.

पवित्र कुरआनने सत्य नाकारणाऱ्यांना बहिरे आणि मुके म्हटले आहे, ते ऐकू येत असूनही न ऐकणाऱ्यांना उद्देशून. खेदाची गोष्ट अशी की, तेच शब्द आपण ज्याचे कान अधू आहेत त्याच्यावर शिवीसारखे फेकतो. उलट प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दररोजच्या सदक्याचे प्रकार सांगताना बहिऱ्या-मुक्याला समजेपर्यंत गोष्ट पोहोचविणे, हाही सदका ठरविला आहे. ‘समजेपर्यंत’ ही अट महत्त्वाची. एकदा मोठ्याने ओरडून पाठ फिरवली म्हणजे सदका झाला, असे नाही.

आपल्या फुकहांनी मुक्याच्या ठरलेल्या खुणा निकाह आणि व्यवहारांत ग्राह्य धरल्या. उस्मानी काळातील ‘मजल्ला’ या कायदेसंहितेच्या 70व्या कलमात मुक्याच्या परिचित खुणेला वाणीचाच दर्जा दिलेला आहे. खुणांची भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत, हे आपल्या धर्मशास्त्राला तेव्हाच उमगले होते. आज मात्र रुग्णालयात डॉक्टरांशी आणि न्यायालयात वकिलाशी बोलण्यासाठी कर्णबधिराला घरातील लहान मुलाचा आधार घ्यावा लागतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 साली झाला. मुंबईत वांद्र्याला 1983पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवणदोषांवर काम करीत आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या एका मुस्लिमाचे नाव तिला आहे, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण आपल्यापैकी कितीजण तिची पायरी चढले आहेत?

बाळ जन्मले की त्याच्या उजव्या कानात आपण अजान देतो. तो कान ऐकतो का, हे मात्र कोणी पाहत नाही. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होणारी, वेदनारहित चाचणी त्यासाठी आहे. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, श्रवणयंत्र किंवा खुणांच्या भाषेची सुरुवात, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. उशीर झाला की मूल केवळ आवाजाला नव्हे, भाषेलाच मुकते. आणि ज्याला भाषा नाही त्याला कलिमा तरी कसा समजावणार? गरजू पात्र असेल, तर श्रवणयंत्रासाठी त्याला जकात अवश्य द्यावी. परंतु एकेका घराला मदत करून सरकारी दवाखान्यात नसलेले यंत्र येत नाही. त्यासाठी मागणी करावी लागते, आणि तीही पुन्हा पुन्हा.

आता त्या तरुणाचा भाऊ मिंबरजवळ बसून बयान खुणांनी सांगतो आणि तो तरुण अजानच्या आधी येतो. अलीकडे त्याला मुलगी झाली. तिच्या कानात अजान दिल्यावर त्याने पहिला प्रश्न चाचणीचाच विचारला. जवळच्या सरकारी रुग्णालयातील यंत्र बंद होते. ते सुरू करावे आणि आठवड्यातून एक दिवस दुभाषा नेमावा, असे निवेदन मशीद समितीने तयार केले आहे. सह्यांची वही जुमाच्या नमाजनंतर दारात ठेवली होती. त्यात पहिली सही त्याची आहे.