हातची विद्या आणि अंगची विद्या

विद्यापीठातील एखाद्या विद्यार्थ्यास ‘हे पाठ का करीत नाहीस?’ असे विचारले, तर तो मोबाईलकडे बोट दाखवितो व म्हणतो, ‘हवे तेव्हा मिळते, मग डोक्यात कशाला साठवायचे?’ वडीलधाऱ्यांस हे उत्तर उर्मट वाटते. परंतु ते उर्मट आहे की नाही, हा प्रश्न गौण होय. ते खरे आहे की नाही, याचा विचार प्रथम केला पाहिजे.

प्रथम विद्यार्थ्याची बाजू न्यायबुद्धीने पाहू. बडोदे संस्थानात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे उभारविले. लाकडी पेट्यांत ग्रंथ भरून ते गावोगाव धाडले जात. वाचकाने ग्रंथाकडे जावे, तद्वत् ग्रंथानेही वाचकाकडे जावे, हे त्यामागील तत्त्व होते. आज विद्यार्थ्याच्या खिशात तीच पेटी आहे, असे म्हणता येईल. २००३ साली हाती घेतलेल्या एनपीटीईएलमार्फत व २०१७ पासून ‘स्वयम्’मार्फत नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. वर्गातील इंग्रजी व्याख्यान ज्याच्या डोक्यावरून जाते, तो खेड्यातील मुलगा तेच व्याख्यान थांबवून तीनदा ऐकू शकतो. चारचौघांत शंका विचारण्यास संकोचणारी मुलगी एकांतात तिचे निरसन करून घेते. यास आळस म्हणणे अन्यायाचे होईल. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात तर लेखनकलेवरच स्मृतिनाशाचा आरोप आहे. आणि तो आरोपही आपल्यापर्यंत लेखनानेच पोचला!

मग चुकते कोठे? बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीस श्रवण, मनन व निदिध्यासन हा क्रम सांगतात. तेथे विषय आत्मज्ञानाचा आहे. तथापि कोणत्याही विद्येस तो क्रम लागू पडतो. मोबाईल श्रवण सुलभ करितो. मनन मात्र दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. ज्यास काहीच ठाऊक नाही, त्यास काय विचारावे हेही सुचत नाही. खिशात पडलेल्या दोन गोष्टी एकमेकींस भेटत नाहीत. मनात असलेल्या भेटतात, आणि त्या भेटीतूनच नवा विचार जन्मतो. म्हणून ‘मिळते’ हे विद्यार्थ्याचे उत्तर खरे असले, तरी ते अपुरे आहे.

दुसरा भेदही ध्यानात घेतला पाहिजे. बडोद्याची पेटी कोपऱ्यात निमूट बसून राही. ही पेटी क्षणोक्षणी हाक मारते, आणि तीवरील अनेक उद्योगांची मिळकतच आपण तिच्यापुढे किती वेळ घालवितो यावर अवलंबून असते. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरल्यापासून यंत्र निबंधही लिहून देऊ लागले. अडलेले समजून घेण्यासाठी त्याचे साह्य घेणे निराळे, आणि त्याने लिहिलेल्यावर आपले नाव घालणे निराळे. दुसऱ्या प्रकारात गुरूची फसवणूक होते हे खरे. किंबहुना त्याहून मोठी फसवणूक स्वतःची होते.

परंतु सर्व दोष तरुणांच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही. २०२० साली टाळेबंदीत हेच यंत्र त्यांच्या हाती देऊन आपण ‘शीक’ म्हणालो. ज्या घरात एकच मोबाईल होता, तेथे तो भावाला मिळाला की बहिणीला, हे आपण विचारले काय? परीक्षेत केवळ पाठांतर तपासावयाचे आणि पाठांतराचे काम यंत्र करू लागले म्हणून विद्यार्थ्यास बोल लावावयाचा, हे सुसंगत नव्हे. आणि प्रवचन चालू असता आपलाही हात खिशाकडे जातो, हे मुले पाहतच असतात.

यास्तव बंदी नको, कसोटी हवी. व्याख्यान ऐकून झाल्यावर यंत्र बाजूस ठेवावे आणि जे समजले ते आपल्या शब्दांत दुसऱ्यास सांगून पाहावे. मित्रास, धाकट्या भावंडास, नाहीतर आजीस. जेवढे सांगता आले, तेवढे आपले झाले. उरलेले अद्याप पेटीतच आहे, असे समजावे व पुन्हा ऐकावयास बसावे.