कानांना पापण्या कां नाहींत?

डोळ्यांना पापण्या आहेत, ओठ मिटतां येतात. कान मात्र निसर्गानें उघडेच ठेविले आहेत. निजलेल्या माणसालाही हांक मारून उठवितां येतें, तें यामुळेंच. नको असलेल्या दृश्याकडे पाठ फिरविणें आपल्या हातीं असतें. नको असलेल्या आवाजापासून सुटका इतकी सोपी नाहीं. ह्या उघड्या दारानें शेजाऱ्याचा गोंगाट आंत शिरतो, आणि त्याच दारानें बालकाचें रडणें व दुखणाइताची हांकही आंत येते. शास्त्रकारांनीं कानाची गणना ज्ञानेंद्रियांत केली आहे. मला तो कर्तव्याचाही इंद्रिय-मार्ग वाटतो. कारण दुसऱ्याचा आपल्यावरील हक्क बहुधा ह्याच वाटेनें आपणांस येऊन भिडतो.

हा विचार सुचण्यास एक खेळणें कारण झालें. आमच्या घरीं शिक्षणासाठीं राहिलेल्या पुतण्यानें संगणकावरील खेळांकरितां एक हेडसेट विकत घेतला. मऊ गादी बसविलेल्या दोन जाड वाट्या कान पुरते झांकून टाकतात, आणि तोंडापुढें बोलण्यासाठीं एक लहानसा मायक्रोफोन येतो. त्याचे दोन गुण त्यानें मला अभिमानानें सांगितले. एक, आवाज चोहोंकडून ऐकूं येतो. दुसरा, तो आवाज अंगालाही जाणवतो, म्हणजे स्फोट झाला कीं वाट्या थरथरूं लागतात. मींही तो चढवून पाहिला. पडद्यावर एक ओसाड इमारत होती. इतक्यांत माझ्या मागें, डाव्या अंगास, कोणी तरी दबक्या पावलांनीं जिना चढूं लागलें. मीं चटकन् मान वळविली. मागें माझें पुस्तकांचें कपाट होतें! साठी उलटलेल्या माणसानें असें फसावें याची थोडी लाज वाटली, पण कौतुक त्याहून अधिक वाटलें.

ही फसवणूक कशी साधते, हें समजून घेण्यासारखें आहे. उजवीकडून येणारा आवाज डाव्या कानाशीं किंचित् उशिरा पोंचतो, आणि मध्यें डोकें आडवें आल्यामुळें, विशेषतः उंच स्वरांत, तो क्षीणही होतो. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनीं १९०७ सालीं ह्या दोन खुणांच्या आधारें दिशाज्ञानाची उपपत्ति मांडली. वेळेचा हा फरक सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापेक्षांही लहान असतो. तरी मेंदू त्यावरून दिशा अचूक ताडतो. पुढचा आवाज कोणता व मागचा कोणता, हें ओळखण्यास बाह्यकर्णाचे वळसे साहाय्य करितात. संगणक ह्या सर्व खुणा गणितानें तयार करून आवाजांत मिसळतो, आणि मग दोन वाट्यांतून दहा दिशा उगवतात. प्रत्येकाच्या कानाची घडण निराळी असल्यामुळें कित्येकांना पुढचें मागें भासतें खरें. पण एकंदरींत किमया साधते. थरथरीचें रहस्य तर याहून सोपें आहे. खर्जांतील ध्वनि येतांच वाटीतील एक लहानसें यंत्र हलतें व कानशिलाच्या कातडीला धक्के देतें.

आपल्या वेदान्तांत दोरीवर भासणाऱ्या सापाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. अंधारांत दोरी साप वाटली, तर शहाण्यानें दिवा आणावा, धीटानें हात लावून पाहावा. भ्रम नाहींसा होतो. एका इंद्रियाची चूक दुसरें सुधारील, ह्या भरंवशावर आपला सारा व्यवहार चालतो. येथें मात्र डोळा, कान आणि त्वचा हे तिन्ही साक्षीदार आधींच फितविलेले असतात! मग ह्या करमणुकीला असत्य म्हणून त्याज्य ठरवावें काय? मला तसें वाटत नाहीं. भ्रम जाणूनबुजून, स्वतःच्या संमतीनें पत्करलेला असेल, तर तो कलेचा पायाच होय. नाटकांतील दुःखानें डोळे पुसणारा प्रेक्षक फसलेला नसतो. 'खोटें जग' एवढ्याच कारणावरून हे खेळ निषिद्ध ठरविले, तर रंगभूमीलाही कुलूप लावावें लागेल.

दोष असलाच तर तो अन्यत्र शोधला पाहिजे, आणि त्यासाठीं ह्या यंत्राच्या पूर्वजांकडे पाहावें. १८८१ सालीं पॅरिस येथील विद्युत्प्रदर्शनांत क्लेमां आदेर ह्यानें ऑपेरागृहांतील गायन तारेनें आणून लोकांना ऐकविलें. दोन कानांना दोन श्रवणनळ्या लावल्या म्हणजे गायक रंगमंचावर कोणत्या बाजूस आहे, हेंही कळे. १९७४ च्या 'अर्थक्वेक' ह्या अमेरिकन चित्रपटाच्या वेळीं कांहीं चित्रगृहांत प्रचंड ध्वनिक्षेपक बसवून खर्जाच्या ध्वनीनें प्रेक्षकांना भूकंपाची थरथर जाणवून दिली. पुढें १९९७ मध्यें निन्टेन्डो कंपनीनें खेळणाऱ्याच्या हातांतील यंत्राला ती थरथर दिली, आणि २०१८ मध्यें रेझर कंपनीचा कानांशीं थरथरणारा हेडसेट आला. भूकंप सबंध सभागृहाचा होता, तो हाताच्या तळव्याचा झाला, व अखेर एका मस्तकापुरता उरला. चित्रगृहांत हादरलेला माणूस शेजाऱ्याकडे पाहून हंसत तरी असे. आतां शेजाऱ्याला कांहीं घडल्याचें कळतही नाहीं. आणि शेजाऱ्याचें कांहीं घडलें, तर तें आपणांस कळत नाहीं.

ह्या शेवटल्या वाक्याचा अनुभव आम्हांस गेल्या पावसाळ्यांत आला. माझी आई चौऱ्यायशीं वर्षांची आहे. एका संध्याकाळीं मी बाहेर गेलों असतां ती न्हाणीघरांत घसरून पडली. मनगट दुखावलें, उठतां येईना. तिनें नातवाला हांका मारल्या. तो दहा पावलांवर, शेजारच्या खोलींत होता. अर्ध्या तासानें मी परतलों तेव्हां ती भिंतीला टेकून तशीच बसलेली होती, आणि मुलगा कानांवर वाट्या चढवून खेळांत गढला होता. अस्तित्वांत नसलेल्या जिन्यावरचें पाऊल त्याला ऐकूं येत होतें. आजीची हांक ऐकूं आली नव्हती. रागाच्या भरांत मीं त्याला नको तें बोललों.

दुसऱ्या दिवशीं तो माझ्यापाशीं आला. आजीची क्षमा त्यानें आधींच मागितली होती. "काका," तो म्हणाला, "माझें चुकलें. पण मी कोणाचीच हांक ऐकत नव्हतों, असें नाहीं. माझा मित्र नागपुराहून खेळत होता. तो अडचणींत सांपडून मला बोलावीत होता, आणि मी त्याच्याकडेच धांवत होतों. शिवाय, रागावूं नका, पण तुम्ही वाचीत बसतां तेव्हां आजी तीन तीनदां हांक मारते."

ह्या उत्तरानें मी निरुत्तर झालों. मित्र खरा होता, त्याला दिलेला शब्दही खरा होता; आणि माझ्यावरील आरोप तर अगदींच खरा होता. बराच विचार केल्यावर दोन गोष्टी मला दिसल्या. पुस्तकांत बुडालेल्या माणसाचें मन दूर गेलेलें असतें, पण दार उघडें असतें. तिसरी हांक कां होईना, आंत येते. त्या वाट्या दारच लावून घेतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नागपुरचा मित्र त्यानें निवडलेला होता. आजी निवडलेली नव्हती. उघड्या कानाला ही निवड ठाऊक नसते. आवाजाच्या टप्प्यांत जो कोणी असेल, त्याची हांक तो आंत घेतो. हेडसेट घातला कीं ऐकणें निमंत्रणाचें होतें. ज्यांना आपण बोलाविलें, तेच आंत येतात. आणि आयुष्यांतील बरींचशीं कर्तव्यें तर बिनबोलावतां येणारीं असतात.

आईनें कोणालाच दोष दिला नाहीं. एवढेंच म्हणाली, "उशीर झाला त्याचें कांहीं नाहीं रे. पण पोर घरांत आहे हें ठाऊक असून घरांत कोणीच नाहीं असें वाटलें, त्याची मात्र भीति वाटली."

आम्हीं खेळ बंद केला नाहीं. घरीं तीं दोघेंच असतील तेव्हां त्यानें एक कान उघडा ठेवावा, असें ठरलें. आणि आईच्या उशाशीं व न्हाणीघरांत अशीं दोन बटणें बसविलीं, कीं तीं दाबतांच त्याच्या मेजावरचा दिवा लागतो. माझ्याकडून त्यानें एकच वचन घेतलें: पहिल्या हांकेला पुस्तक मिटावयाचें. दिवा लागला कीं तो तत्काळ उठतो. मला मात्र अजून दुसरी हांक लागते.