सर्वांत चांगले फळ कोणाचे?

भिलाईच्या सेक्टरांमध्ये अनेक क्वार्टरांपुढे छोटी बाग असते. पावसाळा सरताना तिथे गावरान टोमॅटो लावला, की थंडीत फळे येतात. चकत्या करून ताटात वाढावे असे मोठे, रसाळ फळ दिसताच हात पुढे जातो. पण ते खायचे, की बियाण्याला राखायचे?

खाण्याचा टोमॅटो रंग धरताच तोडला, तरी घरात पिकतो. बियाण्याचे फळ मात्र झाडावरच पूर्ण पिकू द्यावे लागते. मग गर दोन-तीन दिवस आंबवून, बी धुऊन सावलीत वाळवायचे. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच फळ देत नाही. गावरान वाणाचे देते. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान बियाणी जपली; त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली.

उरलेसुरले फळ बियाण्याला ठेवले, तर वाण हळूहळू उतरतो. दानाचेही तसेच आहे. नको असलेले देणे ही आवराआवर झाली. हवेसे वाटणारे देणे हा त्याग. पुढची पिढी आज आपल्या दारी मागायला येऊ शकत नाही. तिचा वाटा आपणच राखायचा असतो. या हंगामात सर्वांत चांगल्या फळाच्या देठाला एक दोरा बांधू या, आणि तो का बांधला हे घरातल्या मुलांना सांगू या.