रागाचा पत्ता

१९५८ साली ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकांनी स्वतःच्याच कादंबरीवर बेतलेल्या चित्रपटाचा आराखडा वाचायला घेतला आणि ते पानोपानी चिडत गेले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर चित्रपट काढण्याचा अमेरिकेतल्या काही मंडळींचा विचार होता. मॉर्टन झिमरमन यांनी त्याचं कथानक लिहिलं होतं. त्यात गरुड ऊठसूट पात्रांना उचलून नेत होते, जिथे शांतता हवी तिथे मारामारी होती आणि लेंबास नावाची एल्फांची शिदोरी, जिच्यामागे या प्राध्यापकांची, म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन यांची, सगळी श्रद्धा उभी होती, ती अन्नाच्या अर्काची वडी होऊन बसली होती. टॉल्किन यांचा संताप झाला. पण त्या संतापाचं त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी प्रसंगामागून प्रसंग घेत सविस्तर टिपण लिहिलं. इथे काय बिघडलं, का बिघडलं, काय गाळलं तर चालेल आणि काय गाळलं तर गोष्टच उरणार नाही, हे सगळं सांगितलं.

त्या टिपणातली एक सूचना मला फार मोलाची वाटते. चित्रपटात जागा कमी पडत असेल, तर एन्ट नावाच्या चालत्याबोलत्या वृक्षपालांचा भाग ठेवावा आणि हेल्म्स डीपची लढाई काढून टाकावी, असं त्यांचं मत होतं. लढाई त्यांना मूळ कथेच्या दृष्टीने दुय्यम वाटत होती. पुढे २००२ साली पीटर जॅक्सन यांचा ‘द टू टॉवर्स’ आला, तेव्हा तीच लढाई त्याचा कळस ठरली. आज जगभरचे चाहते ती पुनःपुन्हा पाहतात. म्हणजे प्रत्यक्ष लेखकाच्या मताविरुद्ध जाऊनही चांगलं काही घडू शकतं. टॉल्किन या बाबतीत चुकले असं मी म्हणणार नाही. पण निराश माणूस नेमकं बोलतो तेव्हा त्याच्या म्हणण्याशी वाद घालता येतो, आणि वाद घालता येणं हीच एक फार मोठी सोय आहे.

गेल्या काही वर्षांत जुन्या अद्‌भुतकथांना नव्याने पडद्यावर आणण्याची लाट आली आहे आणि तिच्यामागोमाग चाहत्यांच्या निराशेची. ही निराशा खोटी नाही. ज्या वाचकाने वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी एखाद्या काल्पनिक प्रदेशाचे नकाशे पाठ केलेले असतात, त्याच्यासाठी तो प्रदेश घराइतका खरा असतो. मराठीतही असे वाचक आहेत. मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने ही महाकादंबरी मराठीत आणली, तेव्हा तिची वाट पाहणारे लोक होते. अशा वाचकाला ‘शेवटी सिनेमाच तर आहे’ असं सांगून गप्प बसवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने त्या गोष्टीत आपलं मन गुंतवलं आहे. ते दुखावलं तर त्याने बोललंच पाहिजे.

प्रश्न आहे तो कोणाशी बोलावं याचा.

‘द हॉबिट’चं उदाहरण घेऊ. १९३७ चं हे पुस्तक लहान मुलांसाठी लिहिलेलं, एका आठवड्यात वाचून होईल एवढं. त्याचे दोन चित्रपट व्हायचे होते आणि दिग्दर्शक होते गिलेर्मो देल तोरो. काम रखडत गेलं आणि २०१० मध्ये ते बाहेर पडले. जॅक्सन यांनी सूत्रं हाती घेतली. २०१२ च्या जुलैत, पहिला चित्रपट पडद्यावर यायला पाच महिने उरले असताना, दोनाचे तीन चित्रपट होणार असं जाहीर झालं. तयारीला पुरेसा वेळच मिळाला नाही, कित्येकदा पुढचं दृश्य कसं घ्यायचं हे ठरलेलं नसताना आपण सेटवर उभे होतो, असं पुढे खुद्द जॅक्सन यांनी पडद्यामागच्या चित्रफितीत कबूल केलं. मला हे तिन्ही चित्रपट आवडले नाहीत. गॉलमच्या कोड्यांचा प्रसंग आणि मार्टिन फ्रीमनचा बिल्बो सोडला, तर त्यात गोष्ट श्वासच घेत नाही. पिंपांत बसून नदीतून निसटण्याचा पुस्तकातला साधा, गमतीचा प्रसंग पडद्यावर न संपणारी कसरत होतो.

या चित्रपटांत टॉरिएल नावाची एक एल्फ योद्धा आहे. ती पुस्तकात नाही. तिच्यात, एका बुटक्यात आणि लेगोलस या एल्फमध्ये एक प्रेमाचा त्रिकोण घातलेला आहे आणि चाहत्यांना तो अजिबात रुचला नाही. मलाही नाही. टॉरिएलवर, पर्यायाने ती साकारणाऱ्या इव्हँजेलिन लिलीवर, भरपूर राग निघाला. पण या अभिनेत्रीने भूमिका स्वीकारताना एकच अट घातली होती, की आपल्या पात्राला प्रेमाच्या त्रिकोणात अडकवू नये. ती अट मान्यही झाली होती. नंतर २०१२ मध्ये वाढीव चित्रीकरणासाठी बोलावलं, तेव्हा स्टुडिओच्या इच्छेने तो त्रिकोण तयार झालेला होता. हे तिने स्वतः मुलाखतीत सांगितलं आहे. चाहत्यांना जे खुपत होतं, त्याला तिने त्यांच्या आधी विरोध केला होता. तरी चेहरा तिचा होता, म्हणून बोल तिला लागला.

माझं सगळं म्हणणं या एका घटनेत आहे. चित्रपटात निर्णय घेणारे दिसत नाहीत, निर्णय अंगावर घेणारे दिसतात. राग दिसणाऱ्यावर निघतो.

त्याच चित्रपटाच्या सेटवर इयन मॅक्केलन यांना रडू कोसळलं होतं. ते साकारत असलेला जादूगार गँडाल्फ उंच आणि बुटके ठेंगणे दिसावेत म्हणून मॅक्केलन यांना वेगळं उभं करून चित्रीकरण करावं लागे. भोवती फक्त हिरवा पडदा आणि समोर सहकलाकारांच्या जागी त्यांची छायाचित्रं. सत्तरी ओलांडलेला, शेक्सपिअर जगलेला हा नट तिथे एकटा छायाचित्रांशी बोलत होता. त्या चित्रपटांत जो कोरडेपणा प्रेक्षकांना जाणवला, तो आधी नटाने भोगला होता. आणखी मागे गेलं तर २०१० मध्ये न्यूझीलंडमधल्या कलाकारांच्या संघटनेने सामूहिक करारासाठी आग्रह धरला. चित्रीकरण देशाबाहेर जाईल अशी भीती पसरली. हजारो लोक रस्त्यावर उतरले ते चित्रपट देशातच राहावा म्हणून. वॉर्नर ब्रदर्सचे अधिकारी वेलिंग्टनला येऊन पंतप्रधानांना भेटले आणि काही दिवसांत संसदेने तातडीने कामगार कायदा बदलला. चित्रपटात काम करणारे नोकरदार नव्हेत, कंत्राटदार धरले जातील, असं ठरलं. लोक त्याला ‘हॉबिट कायदा’च म्हणू लागले. २०२२ मध्ये नवा कायदा होऊन सामूहिक वाटाघाटींची वाट पुन्हा खुली झाली. मधली बारा वर्षं ती बंद होती. आवडत्या गोष्टीवरच्या प्रेमापोटी माणसं नकळत कोणाच्या बाजूने उभी राहू शकतात, हे त्या वेळी दिसलं.

मग आली टॉल्किन यांच्याच विश्वातली ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका. ॲमेझॉनने २०१७ मध्ये हक्क घेतले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मालिका सुरू झाली. इस्माएल क्रूझ कोर्दोव्हा या पोर्टो रिकोच्या कृष्णवर्णी नटाने त्यात एल्फची भूमिका केली. सोफिया नॉमवेटे या कृष्णवर्णी अभिनेत्रीने बुटक्यांच्या राजकन्येची. एकही भाग दाखवला गेला नव्हता, तेव्हापासून या दोघांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वर्णद्वेषी मजकूर येऊ लागला. मालिका सुरू होताच तो इतका वाढला, की कलाकारांना एकत्र निवेदन काढावं लागलं. जॅक्सन यांच्या चित्रपटांत हॉबिट झालेले चारही नट त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

ज्यांनी हा मजकूर पाठवला त्यांची निराशा मी निराशा मानत नाही. न पाहिलेल्या गोष्टीने कोणी निराश होत नसतो.

पण त्यांनी आणखी एक नुकसान केलं आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. द्वेषाने भरलेल्या शेऱ्यांचा पूर आल्यावर ॲमेझॉनने प्रेक्षकांचे अभिप्राय बहात्तर तास रोखून धरले, तपासून मगच दाखवायचे ठरवले. कंपनीच्या जागी मी असते तरी कदाचित हेच केलं असतं. मात्र त्यानंतर मालिकेविषयी नाराजी दाखवणारा प्रत्येक जण संशयित झाला. ज्याने पुस्तकं मनापासून वाचली होती, ज्याचा नटाच्या वर्णाशी काही संबंध नव्हता, ज्याला फक्त पटकथेबद्दल बोलायचं होतं, त्यालाही आधी ‘मी त्यांच्यातला नाही’ असं सांगावं लागलं. द्वेष करणाऱ्यांनी निर्मात्यांच्या हातात आयती ढाल दिली. कमकुवत लेखनाचा जाब कोणी विचारला, तर ती ढाल पुढे करता येते.

आणि जाब विचारण्यासारखं खूप होतं. टॉल्किन यांच्या कालगणनेत अंगठ्या घडवल्या गेल्या त्यानंतर सतराशेहून अधिक वर्षांनी न्यूमेनॉरचं बेट समुद्रात बुडतं. या मालिकेने अंगठ्यांची घडण आणि न्यूमेनॉरचा ऱ्हास एकाच माणसाच्या आयुष्यात बसवायचं ठरवलं. हा केवळ सनावळीचा घोळ नाही. न्यूमेनॉरची शोकांतिका अशी, की मृत्यूची भीती त्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या मुरत जाते. आजोबा शांतपणे प्राण सोडतात, नातू सिंहासनाला चिकटून राहतो, त्याचा नातू अमर एल्फांचा मत्सर करू लागतो. ही भीती एका हंगामात, चार भाषणांत उभी राहत नाही. काळ काढून घेतला की उरतो तो नुसता दरबारी कलह. एवढा अफाट खर्च झाला, डोंगरदऱ्या आणि महाल डोळे दिपवणारे झाले, पण गोष्टीला लागणारा वेळ कोणी विकत घेऊ शकलं नाही. ही माझी तक्रार आहे आणि ती मालिका रचणाऱ्यांकडे आहे. कोर्दोव्हा यांनी आरोंदिर मन लावून केला आहे आणि नॉमवेटे यांची दीसा ज्या प्रसंगात असते, तो प्रसंग जिवंत होतो.

नेमकी तक्रार योग्य दारात पोचली तर तिचा उपयोगही होतो. जॅक्सन यांच्या ‘द टू टॉवर्स’मध्ये आर्वेन या एल्फ राजकन्येला हेल्म्स डीपच्या लढाईत उतरवलं होतं, चित्रीकरणही झालं होतं. पुस्तकाच्या वाचकांत नाराजी उमटली, निर्मात्यांनीही फेरविचार केला आणि ती दृश्यं काढून टाकली. ‘हॉबिट’च्या तीन चित्रपटांनी हिरमुसलेल्या एका चाहत्याने २०१५ मध्ये ते कापून सुमारे चार तासांचा एकच चित्रपट बनवला. प्रेमाचा त्रिकोण गाळला, लढाया आटोपशीर केल्या, बिल्बोला मध्यभागी आणलं. स्वामित्वहक्काचा प्रश्न तिथे आहेच. पण टीका म्हणून मी त्या कामाचा आदर करते. त्यात कोणालाही शिवी नाही आणि प्रत्येक कापामागे एक मत आहे.

उलट बाजूची उदाहरणं ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांनी भरपूर दिली आहेत. १९९९ च्या ‘द फँटम मेनेस’मध्ये जार जार बिंक्स झालेल्या अहमद बेस्ट यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की त्या वेळच्या हेटाळणीने आपण जीव द्यायच्या टोकापर्यंत गेलो होतो. ‘द लास्ट जेडाय’मधल्या केली मेरी ट्रॅन यांनी त्याच वर्षी छळाला कंटाळून इन्स्टाग्रामवरचं सगळं पुसून टाकलं. आणि ‘द फँटम मेनेस’मध्ये लहानग्या अनाकिनचं काम करणारा जेक लॉइड? चित्रपट लागला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. संवाद त्याने लिहिले नव्हते, दिग्दर्शनही त्याचं नव्हतं. शाळेत मुलांनी त्याचं जगणं नकोसं केलं आणि काही वर्षांतच त्याने अभिनय सोडला. त्याला हसणाऱ्यांत फक्त शाळकरी मुलं नव्हती, वर्तमानपत्रांत लिहिणारी मोठी माणसंही होती. माझ्या व्यवसायातल्या माणसांनी हे विसरू नये असं मला वाटतं.

आता हे सगळं पुन्हा समोर येणार आहे. एचबीओ ‘हॅरी पॉटर’ची सातही पुस्तकं नव्याने मालिकेच्या रूपात आणत आहे. स्नेपच्या भूमिकेसाठी पापा एसिएदू यांचं नाव २०२५ मध्ये जाहीर झालं आणि लगेच त्यांच्यावर वर्णद्वेषी मजकुराचा मारा सुरू झाला. हॅरी, हर्मायनी आणि रॉन यांच्या भूमिका तीन लहान मुलं करणार आहेत. आपल्याकडेही ‘हॅरी पॉटर’वर जीव लावलेली एक सबंध पिढी आहे. तिच्या मनात जुन्या चित्रपटांचे चेहरे पक्के बसलेले आहेत. ही नवी मालिका कदाचित चांगली होईल, कदाचित फसेल. फसली, तर त्या पिढीतल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. पटकथेवर लिहा, दिग्दर्शनावर लिहा, एकच गोष्ट पुनःपुन्हा विकण्याच्या कंपन्यांच्या हव्यासावर तर जरूर लिहा, मालिका बघणं थांबवा. मात्र त्या तीन मुलांच्या नावाने, त्यांच्या दिसण्यावर किंवा अभिनयावर, कुचेष्टेचं एक वाक्यही लिहू नका आणि कोणी लिहून पाठवलं तर ते पुढे धाडू नका.