राजा आणि बोजा

दशावतारी नटाबद्दल सिंधुदुर्गात जुनी म्हण आहे: रात्री राजा, सकाळी कपाळावर बोजा. पूर्वी रात्रभर राजा म्हणून मिरवलेला नट पहाटे दहीकाला आटोपला की रंग पुसायचा, पेटारा डोक्यावर घ्यायचा आणि पुढच्या गावच्या जत्रेची वाट धरायचा. आता सामान गाडीतून जाते. जागरण तेच आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याची देवळे एकामागून एक लागतात. लिखित संहिता नसते. आख्यान कोणते आणि राजपार्ट कोणाचा, एवढे ठरते; संवाद तिथेच सुचावे लागतात. तोंडाला रंगही ज्याचा त्यानेच लावायचा.

हा भार माणूस वर्षानुवर्षे कसा पेलतो? ‘कलेची आवड’ हे उत्तर मला अपुरे वाटते. नुसती आवड पहाटे तीनला पेंगू लागते. दशावताराचा खेळ हा देवाच्या जत्रेचाच भाग असतो आणि समोर अख्खा गाव बसलेला असतो. आपल्यावाचून जत्रा पुरी होणार नाही, ही जाणीव नटाला उभे ठेवते. कष्ट कमी होत नाहीत; त्यांना अर्थ मिळतो, म्हणून ते सोसतात.

धोकाही इथेच आहे. बंडरसन आणि थॉम्पसन या अभ्यासकांनी अमेरिका-कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांत जनावरांची निगा राखणाऱ्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. ज्यांना हे काम म्हणजे आपले जीवितकार्य वाटत होते, त्यांना त्यात अर्थ अधिक जाणवत होता. पण पैसा, वेळ आणि सुखसोयींवर पाणी सोडायलाही तेच तयार होते. अशा माणसाला राबवून घेणे सोपे जाते, कारण तो स्वतःच तक्रार गिळतो.

दशावतारी नटाच्या निष्ठेला पूर्वी पावसाची मर्यादा होती. मृग लागला की पेटारे बंद व्हायचे आणि नट शेतात उतरायचा. शेतीही कष्टाचीच, पण घशाला आणि झोपेला उसंत मिळायची. आता सभागृहांमुळे पावसाळ्यातही खेळ लागतात. कमाई वाढते, विसावा आटतो.

निष्ठेच्या बळावर रात्र निघते. म्हातारपणाला पैसाच लागतो. म्हणून खेळ ठरवणाऱ्यांनी नटाची भक्ती त्याच्या बिदागीतून वजा करू नये, आणि आपण प्रेक्षकांनीही टाळ्यांवर हिशेब मिटवू नये.